डोंगरातून पहिल्यांदा क्रूझला निघताना

(जव्हार येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आपल्या गावच्या व्याख्यानमालेत क्रूझचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. पण अलीकडे जव्हार-मोखाड्यातले शिक्षक, बँकेतली मंडळी, सेवानिवृत्त झालेली जोडपी मुंबईहून सुटणाऱ्या बोटीची चौकशी करू लागली आहेत आणि त्यांतली बरीच माझ्याकडेही येतात. त्यांचे प्रश्न बहुधा दोनच असतात. एक, बोट बुडणार तर नाही ना? दुसरा, उलट्या होतील का? सहल खरोखर कशाने बिघडते, तर कागदपत्रांनी, वेळेने आणि बिलाने. त्याबद्दल कोणी विचारत नाही. आणि बुडण्याचा विचार ज्या एका वेळी मनापासून करायचा असतो, त्या जहाजावरच्या सुरक्षा सरावाला मात्र लोक दांडी मारायला बघतात. आपली भीती चुकीच्या जागी बसली आहे, आणि ती योग्य जागी बसवावी एवढ्यासाठी आज मी उभा आहे.

आधी सध्या काय आहे ते सांगतो. मुंबईहून गोव्याला बोटीने जाणे मराठी माणसाला नवे नाही. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या आगबोटींच्या आठवणी सांगणारी माणसे अजून आहेत. पण ती वाहतूक होती, लोक गावी जायला बोटीत बसत. मौजेसाठी बोटीत बसायचे, हा प्रकार अलीकडचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' ही क्रूझ मुंबई-गोवा सुरू झाली, २०१९ मध्ये 'कर्णिका' आली. दोन्ही पुढे बंद पडल्या. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' मुंबईहून फेऱ्या करू लागले. १९९० साली बांधलेले, दीड-दोन हजार प्रवासी नेणारे हे जहाज आहे. गोवा, कोची, लक्षद्वीप असे त्याचे मार्ग. वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुंबईच्या बाजूचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मे. एवढ्यावरूनच एक गोष्ट लक्षात घ्या. कंपन्या येतात आणि जातात, तेव्हा बुकिंग रद्द झाल्यास किंवा केल्यास पैसे कधी, किती परत मिळतील, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्या. एजंटाच्या तोंडी शब्दावर राहू नका, तो आपल्या गावचा आणि ओळखीचा असला तरी.

आता बिल. जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो, आणि एका खोलीत दोघे राहणार असे धरून काढलेला असतो. एकट्याने जायचे तर जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. त्या आकड्यावर जीएसटी, बंदराचे शुल्क, सेवाशुल्क चढते. खोली आतली, गोल खिडकीची की बाल्कनीची, यावर भाव ठरतो. आतल्या खोलीला खिडकीच नसते. दिवा मालवला की भर दुपारी मध्यरात्र. घरातल्या आजीला अशा खोलीत कोंडल्यासारखे होईल का, हा विचार दोन-तीन हजार वाचवण्याआधी करा.

तिकिटात राहणे येते, मुख्य भोजनगृहातले जेवण-नाश्ता येतो, बहुतेक करमणूक येते. दारू, वेगळी रेस्टॉरंट, वायफाय, मसाज, बंदरावरची सहल यांचे पैसे वेगळे. आणि इथेच गफलत होते, कारण जहाजावर रोकड फारशी हातात येत नाही. चढताना एक कार्ड मिळते. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच खात्याचे पुस्तक. कार्ड टेकवले की खर्च मांडला जातो, आणि उतरण्याच्या आदल्या रात्री सगळे एकदम समोर येते. मुलांच्या हातात ते कार्ड देऊ नका. व्हिडिओ गेमसुद्धा त्याच्यावर चालतात. रोज संध्याकाळी स्वागतकक्षात जाऊन खाते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, तो आपला पैसा आहे.

मोबाइलचेही तसेच. किनारा सुटला की टॉवर सुटतो. काही जहाजांवर उपग्रहावरून चालणारे जाळे असते आणि फोन आपोआप त्याला जाऊन चिकटतो. ते रोमिंग फार महाग पडते. बंदर सुटताच फोन एअरप्लेन मोडवर टाका. घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, म्हणजे मागे कोणी घाबरणार नाही.

कागदपत्रांबद्दल एकच आग्रह धरतो. देशातल्या देशात जाताना पासपोर्ट लागत नाही, पण प्रत्येकाचे मूळ सरकारी ओळखपत्र लागते, लहान मुलांचेसुद्धा. झेरॉक्स चालत नाही. आपल्याकडे आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, असे घरोघरी आहे. तिकिटावरचे नाव आधारप्रमाणे अक्षर न अक्षर जुळते का ते आजच बघा. लक्षद्वीपला उतरायचे तर प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढते की आपण काढायचा, हे विचारा. गरोदर बाईला चोवीस आठवड्यांनंतर, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, बहुतेक कंपन्या घेत नाहीत. औषधे, ओळखपत्र, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग धक्क्यावर घेतली जाते आणि खोलीत यायला काही तास लागतात. तिच्यात इस्त्री किंवा पाणी तापवायची किटली असेल तर ती काढून घेतात. समुद्रात आगीइतके भय दुसऱ्या कशाचे नसते.

आणि वेळ. एसटी आपल्यासाठी दोन मिनिटे थांबते, कंडक्टर ओळखीचा असतो. जहाज थांबत नाही. सुटण्याच्या बऱ्याच आधी दरवाजे बंद होतात. जव्हारहून विक्रमगड, मनोर धरून महामार्गाला लागले की पुढे घोडबंदरच्या आसपास किती तास जातील हे कोणी सांगू शकत नाही. मोखाड्याच्या मंडळींनी खोडाळा-विहीगाव मार्गे कसारा गाठून लोकल धरावी. सीएसएमटीपासून बोटीचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीने जवळ आहे. पण कोणताही रस्ता धरा, आदल्या दिवशी मुंबईत मुक्कामाला जा. नातेवाइकाकडे झोपा, लॉजवर झोपा. त्या एका रात्रीचा खर्च हा सहलीचाच खर्च समजा. गोव्याला उतरलात तरी परत चढण्याची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा.

आता असे एक सांगतो जे जाहिरात मोठ्या अक्षरांत कधी छापत नाही. तुम्ही जहाजाचे तिकीट घेतलेले असते, बंदराचे नव्हे. हवा बिघडली तर कप्तान ठरलेले बंदर टाळू शकतो, आणि कुठे जायचे, कुठे नाही, याचा शेवटचा शब्द त्याचाच असतो. तसे कराराच्या कागदावर लिहिलेले असते आणि आपण त्यावर सही केलेली असते. लक्षद्वीपला तर मोठे जहाज किनाऱ्याला लागतच नाही. ते खोल पाण्यात उभे राहते आणि लहान होड्यांतून माणसे नेतात. लाट मोठी असेल तर होडीत उतरवत नाहीत, आणि बेट डोळ्यांसमोर दिसत असताना परत फिरावे लागते. अशा वेळी कप्तानाशी, खलाशांशी भांडू नका. तो तुमचा जीव जपतो आहे. ज्याला बेटच बघायचे आहे, त्याने क्रूझवर भिस्त ठेवू नये.

उलटीचे विचारणाऱ्या ताईंना माझा उलट प्रश्न असतो: तोरंगण घाटात तुम्हाला होते का? होत असेल तर समुद्रावरही होण्याचा संभव आहे. कारण एकच. कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण हलतो आहोत, डोळे सांगतात की समोरची भिंत स्थिर आहे, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. म्हणून बंद खोलीत पडून राहण्यापेक्षा डेकवर येऊन क्षितिजाकडे बघावे. खोली घेताना खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची घ्यावी. तिथे हेलकावा सर्वांत कमी. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, निघण्याआधी घ्यावी लागते. रक्तदाब, मधुमेहाची औषधे चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी द्यावी लागते. वयस्कर माणसांचा प्रवास विमा काढा.

आणखी एक, आणि हे मी जव्हार-मोखाड्याच्या माणसांसमोर बोलतो आहे म्हणून. जहाजावरचे गोडे पाणी काही बंदरात भरतात, काही समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून तयार करतात. त्याला इंधन जळते. मुंबई बंदरात जे पाणी भरले जाते ते मुंबईच्याच नळाचे, म्हणजे त्यात आपली वैतरणा नदी आहे. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याला, आणि मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. हंड्यासाठी दरी उतरणाऱ्या आया-बहिणी तुम्हाला ठाऊक आहेत. केबिनमधला नळ वाहता ठेवताना ते मनात असू द्या.

वैतरणेचे नाव निघालेच आहे, तर त्या नावाच्या आगबोटीचे सांगायला हवे. नोव्हेंबर १८८८ मध्ये 'वैतरणा' ही आगबोट कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून गुजरातेत तिला लोक 'वीजळी' म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ती वादळात सापडली आणि नाहीशी झाली. ७४० हून अधिक माणसे गेली. चौकशीत निघाले ते हे, की जीवरक्षक होड्या आणि जॅकेटे पुरेशी नव्हती. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्य महिन्यावर आलेले असताना, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेवर माणसे बुडाली. अलीकडचे म्हणजे डिसेंबर २०२४ चे: घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, डझनाहून अधिक जीव गेले, आणि त्यानंतर प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट असण्याची सक्ती झाली.

हे ऐकून मोठ्या जहाजाची धास्ती घेऊ नका. अशा अपघातांतूनच नियम घडत गेले. 'टायटॅनिक' बुडाल्यावर १९१४ मध्ये समुद्रसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही क्रूझ आडवी झाली. तिच्यावर काही तासांपूर्वीच चढलेल्या प्रवाशांचा सुरक्षा सराव झालेलाच नव्हता. ३२ माणसे गेली. त्यानंतर नियम बदलला. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी सराव घ्यावाच लागतो. माणसे मेली तेव्हा कुठे हे पंधरा-वीस मिनिटांचे काम आपल्या वाट्याला आले आहे.

म्हणून तो सराव कसा करायचा ते नीट सांगतो. खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला आपल्या जमण्याच्या जागेचा क्रमांक लिहिलेला असतो. चढल्या चढल्या तो वाचा आणि खोलीतून तिथपर्यंत एकदा चालत जा. लिफ्टने नाही, जिन्याने; संकटात लिफ्ट वापरू देत नाहीत. भोंग्याचे सात तोकडे आवाज आणि मग एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो कानात बसवून घ्या. जॅकेटचे बंद छातीवर घट्ट ओढा, आजी-आजोबांचे स्वतः ओढून बघा, मुलांसाठी लहान मापाचे मागून घ्या. सूचना हिंदी-इंग्रजीत असतात. घरातल्या ज्यांना त्या कळत नाहीत, त्यांना तिथेच आपल्या भाषेत सांगा, मग ती वारली असो, कोकणा असो की मराठी. फोटो नंतर काढा.

आणि एवढे सगळे ऐकूनही ज्यांच्या मनात धाकधूक आहे, त्यांनी आधी बुकिंगच करू नये. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते. तासाभराचा प्रवास, तिकीट परवडणारे. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी सगळ्या घराने जाऊन यावे, आजीलाही न्यावे. तिला मळमळले का, मुले कठड्यावर चढतात का, आपल्याला पाण्यावर बरे वाटते का, हे त्या एका फेरीत कळेल. मग क्रूझचे पैसे भरा.