करार मोडणारे आणि करार टिकवणारे
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



२७ जानेवारी २०२६ रोजी अमेरिका पॅरिस हवामान करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडली. आजवर वातावरणात सोडल्या गेलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ज्या राष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, त्यानेच पाठ फिरवल्यावर आंतरराष्ट्रीय सहकार्याची भाषा पोकळ ठरते, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. अर्थशास्त्रही वरवर पाहता त्यास दुजोरा देते. स्थिर हवामानाचा लाभ त्यासाठी काहीही खर्च न करणाऱ्यालाही मिळतो. तेव्हा एकाने अंग काढून घेतले की दुसराही काढणार आणि करार कोसळणार, असा हा तर्क. इतिहास मात्र या तर्काप्रमाणे घडलेला नाही.

२००१ साली अध्यक्ष बुश यांनी क्योटो करार नाकारला. तो अमलात येण्यासाठी औद्योगिक राष्ट्रांच्या १९९० मधील उत्सर्जनापैकी किमान ५५ टक्के वाटा असणाऱ्या राष्ट्रांची मान्यता आवश्यक होती, आणि सुमारे ३६ टक्के वाटा एकट्या अमेरिकेचा होता. तरीही युरोप मागे हटला नाही. २००४ मध्ये रशियाने मान्यता दिली व १६ फेब्रुवारी २००५ रोजी करार अमलात आला. तो अपुरा होता; पुढे कॅनडानेही तो सोडला. परंतु वाटाघाटी थांबल्या नाहीत, आणि त्यांतूनच २०१५ चा पॅरिस करार जन्मला. २०१७ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यातून बाहेर पडण्याची घोषणा केली, तेव्हा एकही राष्ट्र त्यांच्या मागे गेले नाही. ४ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिका बाहेर पडली. सत्तांतरानंतर १९ फेब्रुवारी २०२१ रोजी परत आली.

या चिवटपणास भौतिक आधार आहे. जर्मनीने सौर विजेला सरकारी आधार दिला, चीनने कारखाने उभारले, आणि २०१० नंतरच्या दीड दशकात सौर विजेचा खर्च सुमारे ९० टक्क्यांनी उतरला. भारताच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता २०२५ मध्येच बिगर-जीवाश्म झाली. हे उद्दिष्ट २०३० चे होते. अर्थात क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. आपली बहुतांश वीज अजूनही कोळशाचीच आहे.

दुसरा आधार दुर्बळांच्या संघटनेचा. प्रशांत महासागरातील बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये एक मागणी मांडली. वानुआतू या चिमुकल्या राष्ट्राने ती संयुक्त राष्ट्रांत नेली, २०२३ मध्ये आमसभेने ती स्वीकारली, आणि २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले की हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे व त्याचा भंग झाल्यास भरपाईचा प्रश्न उद्भवू शकतो. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे. तथापि, कालपर्यंत दयेची याचना समजली जाणारी गोष्ट आज हक्काची भाषा बोलू लागली आहे.

म्हणून समाधान मानावे काय? मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अंदाजानुसार प्रचलित धोरणांनी तापमानवाढ या शतकात २.८ अंशांपर्यंत जाईल. पॅरिस करारापूर्वी ती साडेतीन अंशांच्या जवळ जाणार होती. अंतर कापले गेले, पण पल्ला मोठा आहे. बाकू येथे २०२४ मध्ये श्रीमंत राष्ट्रांच्या पुढाकाराने २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभारण्याचे ठरले. गरीब राष्ट्रांची मागणी १३०० अब्जांची होती. बेलेम येथे २०२५ मध्ये जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा आराखडा अंतिम मसुद्यात येऊ शकला नाही.

तेव्हा आशा वॉशिंग्टनमधील निवडणुकीवर टांगून ठेवण्यात अर्थ नाही. राज्यकर्ते बदलतात, संघटित मागणी टिकली, तर आलेल्या राज्यकर्त्यालाही तिची दखल घ्यावी लागते. समाजवादी कार्यकर्त्याचे काम येथेच सुरू होते. श्रीमंत राष्ट्रांकडे न्याय्य वाटा मागत असतानाच, चंद्रपूरच्या कोळसा खाणीतील कामगाराला उद्या कोणते काम मिळणार, हे त्याने आपल्या सरकारलाही विचारले पाहिजे. त्या कामगाराला उत्तर मिळाले नाही, तर तो या बदलाच्या विरोधात उभा राहील, आणि करार मोडणाऱ्यांना आपल्याच घरात मते मिळतील.