गावातले काम आणि गावातले कारागीर
(रामटेक परिसरातील धान उत्पादकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



रामटेकला विद्यापीठ आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. १९९७ साली येथे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयाची स्थापना झाली. शेतीचे विद्यापीठ मात्र अकोल्याला, येथून सुमारे तीनशे किलोमीटरवर. त्यामुळे धान पिकवणाऱ्या माणसाच्या मनात दोन समजुती घर करून बसल्या आहेत. एक म्हणजे कृषी विद्यापीठ आपल्यापासून फार लांब आहे. दुसरी म्हणजे ते ज्याला बी.एस्सी. करायचे त्याच्यासाठी आहे. दहावीत अडकलेल्या पोराला तेथे काय काम? पहिली समजूत अर्धी खरी आहे. दुसरी साफ चुकीची आहे, आणि आज मी तिच्याबद्दलच बोलणार आहे.

आधी एक काम करा. गेल्या खरिपात कोणकोणत्या कामासाठी गावाबाहेरच्या माणसाला रोख पैसे मोजले, ते आठवा. रोवणीला गाडीभर बाया बाहेरून आणल्या. कापणीला हार्वेस्टर आले, त्यावरचा चालक पंजाब-हरियाणाचा. मोटार जळाली ती नागपूरला गेली आणि चार दिवस बांधी कोरडी राहिली. ज्यांच्याकडे संत्र्याची झाडे आहेत त्यांनी कलमे शेंदुरजना घाटहून आणली. आणि याच दिवसांत तुमचा मुलगा कोठे होता? हिंगण्याला किंवा बुटीबोरीला, कंत्राटी कामावर. म्हणजे पोरगा कामासाठी बाहेर आणि काम करणारा बाहेरून आत! हा हिशेब कोणी मांडत नाही, कारण पैसा एकदम जात नाही, थोडा थोडा जातो.

ही सगळी कामे शिकता येतात. ती शिकवणे हे सरकारी विद्यापीठाच्या कर्तव्यातच मोडते. ज्यांच्या नावाने आपले विद्यापीठ ओळखले जाते ते डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते देशाचे कृषिमंत्री होते. विद्यापीठाची स्थापना २० ऑक्टोबर १९६९ची. पण त्याच्या छत्राखाली असलेले नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ सालचे आहे. अकोला लांब असेल, नागपूर तुम्हाला लांब नाही. धानाच्या संशोधनाचे काम पूर्वेकडे साकोली आणि सिंदेवाही येथे चालते. नागपूर जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे आहे. नावात कापूस आहे म्हणून धानवाल्याने तिकडे जायचे नाही, असे समजू नका. कृषी विज्ञान केंद्राची कल्पनाच मुळी हाताने करून शिकण्याची आहे. देशातले पहिले केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला तामिळनाडू कृषी विद्यापीठाने सुरू केले. आज ती सातशेहून अधिक आहेत. तेथे शिकायला पदवी लागत नाही.

आता एकच उदाहरण नीट पाहू. रोवणी यंत्राचे.

एका गावात मी पाहिले, गटाने मोठ्या उत्साहाने रोवणी यंत्र घेतले होते. पहिल्या वर्षी चार एकरांत चालले. दुसऱ्या वर्षी ते गोठ्यात उभे, वर कोंबड्या बसलेल्या. विचारले तर म्हणाले, "साहेब, यंत्र बरोबर लावत नाही, नांगे फार पडतात." यंत्रात दोष नव्हता. परे चुकले होते. आपण गादीवाफ्यावर जे परे टाकतो, तीन-चार आठवड्यांनी मुठीने उपटतो आणि पेंढ्या बांधतो, ते यंत्राला चालतच नाहीत. त्याला चटईची रोपवाटिका लागते. सपाट जागेवर प्लास्टिकचा कागद अंथरायचा. त्यावर चाळलेली माती आणि चांगले कुजलेले शेणखत यांचा दोन ते अडीच सेंटिमीटर थर द्यायचा, किंवा ट्रे भरायचे. मोड आलेले बी सारखे पसरायचे. दाट पडले तर यंत्राचा चिमटा एका वेळी मूठभर रोपे उचलतो, विरळ पडले तर रिकामाच फिरतो आणि नांगा पडतो. परे १५ ते २० दिवसांचे झाले, मुळ्या एकमेकींत गुंतून चटई गुंडाळता येऊ लागली की तयार. चिखलणी करून लगेच यंत्र घालायचे नाही. एक-दोन दिवस चिखल बसू द्यायचा. पाणी जेमतेम, नाहीतर रोपे तरंगतात.

आता सांगा, यात यंत्र चालवण्याचे काम किती आणि परे करण्याचे किती? म्हणून मी तरुणांना म्हणतो, यंत्र नंतर घ्या, आधी चटई करायला शिका. गावात दोघा-तिघांना ती साधली तर चटया विकणे हाच एक धंदा होतो. त्याला भांडवल कमी आणि जागा घरामागची पुरते. बी निवडताना दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकायचे, वर तरंगलेले पोचट काढायचे, खाली बसलेले स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवून सावलीत वाळवायचे. हे आम्ही कितीतरी वर्षे सांगत आलो. मेळाव्यात सगळे मान हलवतात आणि घरी जाऊन मीठ विसरतात. ऐकलेले विसरते, केलेले सहसा विसरत नाही.

येथे भगिनींविषयी बोलले पाहिजे. परे टाकतात त्या, उपटतात त्या, रोवतात त्या. पण प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर नाव असते घरधन्याचे! तो दिवसभर बसून चहा घेऊन येतो आणि घरी सांगतो, "काही विशेष नव्हतं." यंत्र आले की रोवणाऱ्या बाईची मजुरी जाते, ही भीती खोटी नाही. तिलाच जर ते यंत्र आणि ती चटई शिकवली नाही, तर ती नक्की जाईल. बचत गटातल्या बायांनी स्वतःच्या नावाने अर्ज करावा. ढिंगरी अळिंबीचेही तसेच. आपल्याकडे तणीस भरपूर. ढिंगरी त्याच तणसावर येते आणि कृषी महाविद्यालयांच्या वनस्पतिरोगशास्त्र विभागांत तिची माहिती मिळते. मात्र ती नाजूक असते, विकायची सोय आधी पाहा. नुसते प्रशिक्षण घेऊन बंद पडलेल्या अळिंबीच्या खोल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

माजी मालगुजारी तलावात शिंगाडा आणि मासळी करणाऱ्यांसाठी नागपूरलाच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, स्थापना २००० सालची. गाई-म्हशींचेही तेथेच. ज्यांचे वय निघून गेले आणि घर सोडता येत नाही, त्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे शेतीचे अभ्यासक्रम घरी राहून करता येतात; ते १९८९ पासून आहे.

पदवीवाल्यांविषयीही दोन शब्द. शेवटच्या वर्षाची मुले-मुली गावात राहायला येतात, तुम्ही त्यांना कृषिदूत, कृषिकन्या म्हणता. ती तुम्हाला शिकवायला येतात असे समजून आपण त्यांच्याकडून एक प्रात्यक्षिक करून घेतो, फोटो काढतो आणि निरोप देतो. खरे तर ती शिकायला आलेली असतात. त्यांना चिखलात उतरवा. पदवी घेऊन त्यातली बरीच स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतात; जागा थोड्या, वर्षे निघून जातात. कृषी पदवीधरांनी गावात सल्ला व सेवा केंद्र काढावे म्हणून केंद्र सरकारने २००२ साली योजना आणली, प्रशिक्षण आणि बँकेच्या कर्जाची जोड असलेली. तिची चौकशी करणारा मुलगा मला दहांत एक भेटतो. अकोल्याच्या विद्यापीठाने तयार केलेल्या मिनी दाल मिलवर विदर्भात कित्येक घरे चालतात. तूर विकून डाळ विकत आणणाऱ्या गावात हा विचार व्हायला हवा.

शिकणे एका बाजूनेच होते असेही नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरी शिकलेले. आपल्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी १९८३ साली बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि एचएमटी धान दिले. विद्यापीठाने १९९८ मध्ये पीकेव्ही एचएमटी ही जात प्रसारित केली. श्रेयावरून पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. दादाजी २०१८ साली गेले. लोंबी ओळखणारी तशी नजर विद्यापीठाला कोणी शिकवली नाही, शेतकऱ्याने दाखवली. ती नजर असलेला एखादा पोरगा तुमच्याही गावात असेल, आणि तुम्ही त्याला रिकामटेकडा म्हणत असाल.

प्रमाणपत्राचा मोह धरू नका. बँकेला कागद लागतो, म्हणून तो जपून ठेवा. पण शेजारी तुम्हाला बोलावील ते तुमची चटई पाहून.

रोवणी आषाढात येते, तेव्हा चौकशी करून उपयोग नाही. मे महिन्यातच केंद्रात जाऊन कोणते वर्ग कधी आहेत ते विचारा, नावे द्या, दोघा-तिघांनी मिळून या. शाळा सोडल्याचा दाखला आणि बँकेचे पासबुक बरोबर असू द्या. आणि जुने कपडे घेऊन या, कारण चटईचे आणि रोवणीचे शिकणे खुर्चीवर बसून होत नाही.