वीस बाजूंचा फासा

फासे आणि सोंगट्या हा लहान मुलांचा, नाहीतर रिकामटेकड्यांचा उद्योग, असं मी पन्नाशी उलटेपर्यंत मानत आलो. गेल्या हिवाळ्यात ते मत बदलावं लागलं.

माझी भाची अमेरिकेत, मिनियापोलिसला असते. तिच्याकडे महिनाभर राहिलो. बाहेर गुडघाभर बर्फ आणि घरात तिचा पंधरा वर्षांचा मुलगा. माझ्याशी त्याचं बोलणं सलामापुरतं. पण शनिवारी मित्र जमले, की बंद दाराआडून त्याचा आवाज तासन् तास ऐकू येई. एका शनिवारी त्यांचा एक गडी आजारी पडला आणि रिकाम्या खुर्चीवर मला बसवण्यात आलं.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. यात एक जण सूत्रधार. तो प्रसंग उभा करतो, बाकीचे एकेका पात्राच्या तोंडून बोलतात. पात्र काय करणार ते खेळाडूने ठरवायचं. अवघड गोष्ट साधेल की नाही, ते वीस बाजूंचा फासा सांगतो.

गंमत अशी, की हा खेळ त्याच मुलखातला. सैनिकांच्या छोट्या पुतळ्यांनी लढाया खेळण्याचा छंद तिथे होता. मिनियापोलिस-सेंट पॉल भागातल्या डेव्ह आर्नेसनने १९७१च्या सुमारास त्याला वेगळं वळण दिलं : खेळाडूने सैन्य हलवायचं नाही, एका माणसाचं आयुष्य जगायचं. शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या गॅरी गायगॅक्सबरोबर त्याने नियम सिद्ध केले आणि १९७४मध्ये तीन पुस्तिकांचा संच निघाला. पहिली छपाई एक हजार प्रतींची. आम्हा कवींच्या चांगल्या ओळखीचा आकडा!

मी नावाडी झालो. रात्रीची वेळ, नदीवर पूल, पुलावर भालेवाला पहारेकरी. मुलांनी तलवारी उपसल्या. सूत्रधार माझा नातूच. त्याने विचारलं, "नाना, अब तुमे क्या करते?"

मी म्हटलं, त्याच्याशी बोलतो. आणि मोडक्या इंग्रजीत बोललो : त्याच्या गावाबद्दल, वाट पाहणाऱ्या आईबद्दल. पोरं गप्प झाली. मला वाटलं, जिंकली मैफल. नातू म्हणाला, आता फासा टाका, आठ किंवा वर पडायला हवेत. म्हणजे वीसांपैकी तेरा बाजू माझ्या. पडले तीन. पहारेकऱ्याने शिंग फुंकलं.

मी चिडलो. चांगलं बोललो होतो की! नातू शांतपणे म्हणाला, "अच्छा बोले नाना, पन उने सुन्याच नै."

हे वाक्य मला लागलं. तीस वर्षं मराठीत कविता लिहितो. कार्यक्रम संपला की कुणीतरी हमखास विचारतं, "तुमचं नाव असं, आणि मराठीत लिहिता?" मी मनापासून उत्तर देतो. पुढच्या गावी तोच प्रश्न. मग मी मनातल्या मनात रुसून बसतो. कवितेत असं होत नाही. तिथे पहारेकरी शेवटी बाजूला सरतोच, कारण तोही मीच लिहिलेला असतो.

इथे तो माझ्या हातात नव्हता. पण रुसायलाही कुणी वेळ दिला नाही. मुलांनी मला दोष दिला नाही. एकाने विचारलं, "तुम्ही नावाडी ना? मग नाव कुठे आहे?" पुलाखाली मी एक होडी शोधली, तिला भोक पडलेलं निघालं, ते कुणाच्या तरी अंगरख्याने बुजवलं आणि आम्ही पहाटेपर्यंत वल्हवत राहिलो. पहारेकऱ्याने ऐकलं असतं, तर ही रात्र आमच्या वाट्याला आलीच नसती. आमच्या पाचांपैकी कुणा एकट्याला ती सुचलीही नसती.

निघताना मी नातवाला म्हटलं, नावाडी दुसऱ्या कुणाला देऊन टाक. तो नको म्हणाला. आता रविवारी सकाळी आठ वाजता, तिथे शनिवारची रात्र असताना, माझा फोन वाजतो. सलामानंतरचं त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "नाना, अब तुमे क्या करते?"