आरोग्य कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण : सहभाग कसा मोजावा?

प्रशिक्षणवर्ग संपला की अहवाल तयार होतो. अपेक्षित प्रशिक्षणार्थी किती, उपस्थित किती, खर्च किती, हे आकडे त्यात हमखास असतात. उपस्थिती भरघोस असली की वर्ग यशस्वी ठरतो. वस्तुतः हजेरीपटावरील सही एवढेच सांगते की, ती स्त्री त्या दिवशी त्या खोलीत होती. वस्तीत परतल्यावर आजारी तान्ह्या बाळाचे श्वास तिला घड्याळ लावून मोजता येतात काय, हे सही सांगू शकत नाही.

हा प्रश्न ठाणे जिल्ह्याला नवा नाही. सत्तरच्या दशकात डहाणू तालुक्यातील कासा येथे माता-बाल आरोग्य व पोषण प्रकल्प चालला. (२०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे.) तेथे स्थानिक अर्धवेळ कार्यकर्तेच बालकांची वजने घेत. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. तेथील अल्पशिक्षित ग्राम-आरोग्यसेविका नियमितपणे केंद्रावर जमत आणि गावात काय घडले ते आधी सांगत. शिकविणारे त्यातून शिकत. सहभाग तो हाच!

तो मोजण्याची एक रीत १९८८ मध्ये सुसान रिफकिन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सुचविली. गरजांची निश्चिती, नेतृत्व, संघटन, साधनांची उभारणी आणि व्यवस्थापन या पाच रेषा एका बिंदूपासून काढावयाच्या, प्रत्येकीवर सहभागाची व्याप्ती नोंदवावयाची आणि खुणा जोडावयाच्या. कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती होते. दोन गावांची शर्यत लावण्यासाठी ती नाही. त्याच कार्यक्रमाची पूर्वीची व नंतरची आकृती शेजारी ठेवावी, म्हणजे जाळे कोठे आक्रसले ते दिसते.

ठाणे व कल्याण-डोंबिवली येथे हे विशेष उपयोगी आहे. शहरी आशा स्वयंसेविकेकडे साधारणतः २०० ते ५०० कुटुंबे असतात. सकाळच्या लोकलने कोण जाते, चाळीतील कोणती खोली नव्या भाडेकरूकडे गेली, घरी बाळंतीण एकटी केव्हा असते, हे तिला ठाऊक असते. मुरबाड-शहापूरच्या पाड्यावरील आशेची अडचण निराळी. वर्ग लांबला की तिचे लक्ष परतीच्या एस. टी. कडे लागते. वर्गाची वेळ व विषय ठरविताना यांपैकी कोणास विचारले होते, हा पहिल्या रेषेवरचा गुण होय. बहुतेक ठिकाणी तो शून्याजवळच भरेल, आणि ते कागदावर उतरलेलेच बरे.

रुग्णालयात प्रसूती झाल्यास आशेने ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी अशा सहा गृहभेटी द्यावयाच्या असतात. प्रशिक्षणानंतर महिन्याने पर्यवेक्षिकेने अशा एका भेटीस तिच्यासोबत जावे, बाळाचे वजन तिला करू द्यावे, आणि तिला पडलेला प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून घ्यावा. पुढील वर्गाचा आरंभ त्या प्रश्नाने झाला की नाही, एवढा एक रकाना हजेरीपटाशेजारी आखता येईल.