तेराव्यानंतरचे दिवस

घरातलं माणूस गेलं की चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. मग दहावा, तेरावा. या दिवसांत दुःखी माणसाला कुणी एकटं सोडत नाही आणि बहुतेकांना सावरायला हा गोतावळा पुरतो. सरसकट सगळ्यांना समुपदेशन देऊन फारसा फरक पडत नाही, असं संशोधनही सांगतं. प्रश्न आहे तो तेराव्यानंतरचा. पाहुणे गावी परततात, रजा संपते, पण काहींचं दुःख पहिल्या दिवसाइतकंच ओलं राहतं. जेवणखाण, झोप, कामधंदा, कशाचीच घडी बसत नाही. हे सहा महिन्यांहून अधिक चाललं आणि समाजाच्या रीतीपेक्षाही लांबलं, तर तो उपचार करण्याजोगा विकार आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत म्हटलं आहे.

दुःखाला आजार कसं म्हणता, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं. पण त्या व्याख्येतच समाजाच्या रीतीचा मान राखला आहे. वर्षश्राद्धाला डोळे भरून आले, पितृपक्षात पान वाढताना हात थबकला, तर त्याला कुणी विकार म्हणत नाही.

दुसरं म्हणणं, काळ हेच औषध. अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांनी 2005 साली अशा दुःखात अडकलेल्या रुग्णांचे दोन गट तपासले. दोन्हींना साधारण सोळा बैठका. नैराश्यावरच्या नेहमीच्या मानसोपचाराने 28 टक्क्यांना गुण आला, खास शोकासाठी बेतलेल्या उपचाराने 51 टक्क्यांना. काळ दोघांचा सारखाच गेला होता! या उपचारात डोळे मिटून, माणूस गेल्याचं कळलं ती घटका पुन्हा सांगायची असते. ते बोलणं रेकॉर्ड करून घरी ऐकायचं. टाळलेल्या दवाखान्याच्या रस्त्याने हळूहळू जायचं. ऐकायला हे निष्ठुर वाटतं, पण जी आठवण सतत टाळली जाते तिचीच दहशत बसते, असं मला ठामपणे वाटतं.

तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे. त्यासाठी सरकारची टेलि-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416. फोन मोफत, रात्रंदिवस, मराठीतही. तेराव्यानंतर ज्या घरी आपण फिरकलोच नाही, तिथे या आठवड्यात जाऊन या, आणि गरज दिसली तर हा नंबर कागदावर लिहून त्यांच्या हाती द्या.