रिपोर्ट तुमचा, पण त्यात आईबाबाही असतात



घरबसल्या डीएनए तपासायचे किट आता सणासुदीला सवलतीत मिळतात. नळीत थुंकी भरायची आणि पोस्टाने पाठवायची. काही रिपोर्टमध्ये एक ओळ असते : ‘एपीओई ई-फोर’. आज त्या ओळीबद्दल बोलू या.

एपीओई हे आपल्या सगळ्यांकडे असलेलं जनुक. त्याची मुख्य रूपं तीन : ई-टू, ई-थ्री, ई-फोर. एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. ई-फोर असेल तर उतारवयात अल्झायमरचा धोका वाढतो. दोन प्रती असतील तर आणखी वाढतो.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सूझन बुकहायमर यांच्या गटाने ३० जणांच्या मेंदूचे फंक्शनल एमआरआय स्कॅन केले; तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे प्राणवायू घेऊन रक्त जास्त येतं. हे यंत्र तो फरक टिपतं. सगळ्यांची स्मरणशक्ती ठणठणीत होती. त्यांना शब्दांच्या जोड्या पाठ करून आठवायला सांगितल्या. तेव्हा ई-फोर असलेल्यांचा मेंदू जास्त राबताना दिसला.

आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर दोन सर्व्हर काम सारखंच देतात, पण एकावर ताण जास्त. दोन वर्षांनी त्यांतल्या काहींना पुन्हा तपासलं. ज्यांचा मेंदू आधी जास्त राबला होता, त्यांची स्मरणशक्ती जास्त उतरलेली आढळली.

पण यावरून घाबरू नका. हा अभ्यास अवघ्या ३० जणांचा, आणि फरक दोन गटांच्या सरासरीतला. असा स्कॅन बघून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही. ई-फोर असूनही अनेकांना अल्झायमर होत नाही, आणि नसूनही अनेकांना होतो.

दुसरं म्हणजे, अशा अभ्यासांत आपली माणसं फार थोडी. इथल्या यूके बायोबँकेत ५ लाख लोक आहेत, पण त्यांत दक्षिण आशियाई वंशाचे अगदी कमी. धोक्याचे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले. ते आपल्याला जसेच्या तसे लावू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. समजा तुमच्या रिपोर्टमध्ये ई-फोरच्या दोन प्रती निघाल्या. म्हणजे एक आईकडून आली, एक बाबांकडून. पुण्यात किंवा साताऱ्यात बसलेल्या त्या दोघांनी काहीच तपासलं नाही, तरी त्यांच्याबद्दलची ही गोष्ट तुम्हाला कळली. तुमच्या प्रत्येक मुलाकडेही एक प्रत नक्की गेली. भावाबहिणींकडेही असण्याची शक्यता मोठी.

म्हणून नळी उघडण्याआधी घरी एक फोन करा. “निकाल आला तर तुम्हाला सांगू का?” एवढंच विचारा. ‘नको’ म्हणाले, तर तोही त्यांचा हक्क आहे. आणि रिपोर्ट आलाच असेल, तर नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी आपल्या जीपींशी बोला.