सातबारावरचा बोजा आणि पटलावरचा अहवाल

(वाशीम जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आपल्या भागातील शेतकऱ्याने सोसायटीचे वा बँकेचे कर्ज काढले, की त्याचा बोजा सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढतो. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणेसुद्धा तो वाचून जातात. सरकारच्या कर्जाचा सातबारा कोठे असतो?

असतो, आकडे लपविलेले नाहीत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरील कर्ज सुमारे ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांवर जाईल, असा अंदाज होता. केवळ व्याजापोटी ६४ हजार कोटींहून अधिक. म्हणजे महसुली जमेच्या रुपयातले अकरा पैसे तरी. कर्ज काढणे हे पाप, असे समाजवाद्याने म्हणू नये. धरणे नि दवाखाने कर्जाशिवाय होत नाहीत. परंतु त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार कोटींवर होती. तेवढे कर्ज बियाण्यासाठी नव्हे, खावटीसाठी!

महालेखापरीक्षकांचे अहवाल राज्यपालांनी विधिमंडळापुढे ठेववावेत, असे संविधानाचे १५१ वे कलम सांगते. केव्हा ठेवावेत, त्यांवर किती वेळ बोलावे, हे ते सांगत नाही. सरकारे या मोकळ्या जागेचा पुरेपूर लाभ घेत आली आहेत. अनेकदा अहवाल अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतो, तेव्हा सदस्यांचे सामान बांधून झालेले असते. लोकलेखा समिती पुढे त्यातील काही परिच्छेद तपासते. तोवर पैसा केव्हाच खर्चून गेलेला असतो.

शिवाय सगळे कर्ज या आकड्यात येत नाही. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यासाठी बँकांची कर्जे काढली गेली ती रस्ते विकास महामंडळाच्या छत्राखाली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णा खोरे महामंडळाने रोखे काढले, त्यांना हमी राज्याची होती. अशा हम्यांची नोंद वेगळ्या विवरणपत्रात होते. जामीनदार होणे म्हणजे काय, हे सोसायटीच्या सभासदाला शिकवावे लागत नाही. विवरणपत्र मात्र त्याच्यापर्यंत कधी पोचत नाही.

रिसोड, वाशीम, कारंजा असे आपले तीन आमदार आहेत. प्रत्येक अधिवेशनानंतर तिघांनाही पत्र लिहा: अहवाल कोणत्या दिवशी मांडला गेला, त्यावर चर्चा झाली काय, आपण काय बोललात? येतील ती उत्तरे पुढच्या वर्गात वाचू.